पुसदच्या बाररूममधून 'वर्षा'वर: वसंतराव नाईक

तालुका_वकील | 1 जुलै, रात्री 9:40

आज कृषी दिन. सकाळपासून फोनवर चौदा शुभेच्छा आल्या आणि चौदाही सारख्याच. हिरवं शेत, बैलजोडी, कोपऱ्यात सुटाबुटातले वसंतराव नाईक, खाली 'हरितक्रांतीचे जनक'. त्यातल्या एकातही ते वकील होते असा उल्लेख नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका तालुका कोर्टात सत्तावीस वर्षं काळा कोट घालतोय, म्हणून मला ते जरा लागलं. तेव्हा हा धागा.

तालुक्याची वकिली ही काय चीज आहे ते आधी सांगतो. पक्षकार येतो तो बांधाच्या भांडणासाठी, पण पहिला अर्धा तास बांधाचं नावच काढत नाही. भावजय कशी वागली, पोराच्या लग्नात कोण जेवायला आलं नाही, मेलेला बैल कोणत्या रंगाचा होता, सगळं सांगून होतं. नवखा वकील मध्येच 'मुद्द्याचं बोला' म्हणतो आणि खटला हातचा घालवतो. मुरलेला वकील पान लावत बसतो. शेवटी म्हातारा कापडी पिशवीतून घडी घालून घालून फाटलेला सातबारा काढतो आणि मग कळतं की खरं भांडण बांधाचं नाहीच, मानाचं आहे.

वसंतरावांना हे घरातूनच मिळालं असावं. जन्म 1 जुलै 1913, गाव गहुली, तालुका पुसद. मूळ आडनाव राठोड. आजोबा चतुरसिंग हे बंजारा तांड्याचे, म्हणजे वस्तीचे, नायक, त्यावरून घराण्याचं नाव नाईक पडलं. नायक म्हणजे तांड्याचा न्यायाधीश. म्हणजे या घरात कोर्ट आधीपासून भरत होतंच, फक्त काळा कोट नव्हता. पाळण्यातलं नाव हाजूसिंग. नागपूरला नील सिटी हायस्कूल, मॉरिस कॉलेज, मग 1940 ला एलएलबी. ज्या समाजाच्या कपाळावर इंग्रजांनी अनेक ठिकाणी 'गुन्हेगार जमात' असा शिक्का मारला होता, त्यातला पोरगा कायद्याची पदवी घेऊन परत येतो, हे 1940 साली काय असेल याचा विचार करा. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांकडे वकिलीची उमेदवारी केली आणि मग पुसदला आपलं दुकान थाटलं.

1941 मध्ये नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न. मुलगी ब्राह्मण, मुलगा बंजारा. दोन्हीकडच्यांना ते सहजी पचलं नाही. पुढे मुख्यमंत्री झाल्यावर कौतुक करणारे पुष्कळ निघाले, पण 1941 साली पुसदसारख्या गावात संसार मांडून दाखवणं हे वेगळं काम आहे.

पुढचं भराभर सांगतो. 1946 ला पुसदचे नगराध्यक्ष. 1952 ला जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत आणि रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात महसूल उपमंत्री. 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तसे हेही मुंबईत आले. सहकार, कृषी, 1960 नंतर महसूल. 1962 च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरात पदावर असतानाच वारले. 5 डिसेंबर 1963 ला नाईकांनी शपथ घेतली ती 20 फेब्रुवारी 1975 पर्यंत. अकरा वर्षांहून जास्त. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. मंत्री म्हणून मिळालेल्या बंगल्याला त्यांनी 'वर्षा' नाव दिलं होतं, मुख्यमंत्री झाल्यावरही ते तिथेच राहिले, आणि तेव्हापासून 'वर्षा' म्हणजे मुख्यमंत्री असं झालं.

आता माझा मुद्दा. मुंबईत ना त्यांचा साखर कारखाना होता, ना मराठा जातीचं संख्याबळ, ना फर्डं वक्तृत्व. मग अकरा वर्षं कशी टिकले? माझ्या मते ते मुख्यमंत्री झाल्यावरही तालुका वकीलच राहिले. दोन्ही पक्षकारांचं ऐकून घ्यायचं, कुणाला तोडून बोलायचं नाही, आणि भांडण पेटतंय असं दिसलं की तारीख द्यायची. वकिलीत तारीख ही शिवी आहे, पण गावातले कितीतरी खून त्या एका तारखेनं टळलेत हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बोला.

---

गोरमाटी | 1 जुलै, रात्री 10:15

जय सेवालाल! नायकाबद्दल लिहिलंत ते बरोबर, थोडी भर घालतो. तांड्याच्या न्यायपंचायतीला आम्ही नसाब म्हणतो. नायक एकटा निकाल देत नाही, सोबत कारभारी असतो आणि सगळा तांडा गोल करून बसतो. दोन-दोन रात्री चालतं. कंटाळून अर्धे लोक झोपतात, पण 'माझं ऐकलं नाही' असं म्हणायला कुणी उरत नाही.

आणि आमचे लोक पूर्वी लदेणी करायचे, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरायचे. रेल्वे आली, मिठावर सरकारचा हात पडला, धंदा बसला. त्यातून ज्यांनी शेती धरली ते वाचले. नाईकांच्या घराण्यानं ती वेळेत धरली. त्यांचं शेतीचं वेड कुठून आलं, याचं उत्तर मला इथे दिसतं.

---

राज्यसेवा_पुन्हा | 1 जुलै, रात्री 10:32

पंचायत राजवरची वसंतराव नाईक समिती! स्थापना 27 जून 1960, अहवाल 15 मार्च 1961, शिफारशी 226. झोपेतून उठवून विचारा.

---

तालुका_वकील | 1 जुलै, रात्री 10:41

@राज्यसेवा_पुन्हा, शाब्बास. त्या 226 पैकी एक सांगा.

---

राज्यसेवा_पुन्हा | 1 जुलै, रात्री 10:44

त्रिस्तरीय रचना? गाव, तालुका, जिल्हा?

---

तालुका_वकील | 1 जुलै, रात्री 11:20

हे तर केंद्रानं नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीनंही म्हटलं होतं. फरक कुठे आहे तो बघा. मेहतांचा भर तालुक्यावर, म्हणजे पंचायत समितीवर. नाईक समितीनं वजन जिल्ह्यावर टाकलं. जिल्हा परिषद बळकट हवी, तिच्याकडे पैसा आणि अधिकारी हवेत, आणि कलेक्टर तिच्या बाहेर हवा. परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी. आमदार-खासदारही परिषदेत नकोत. 1961 चा कायदा या पायावर झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

कलेक्टरला बाहेर ठेवा असं एक महसूलमंत्री म्हणतोय, ज्याच्या हाताखाली सगळे कलेक्टर आहेत! स्वतःच्याच अशिलाविरुद्ध बाजू मांडण्यासारखं आहे हे. यामागे जुन्या मध्य प्रदेशचा अनुभव असावा असं मला वाटतं. तिकडे 1948 पासून जनपद सभा, म्हणजे तालुका पातळीवरच्या स्थानिक संस्था, होत्या, त्या कुठे चालल्या आणि कुठे अडल्या हे पुसदच्या माणसानं जवळून पाहिलं होतं. आज पश्चिम महाराष्ट्रातले अर्धे पुढारी सांगतात की आमची सुरुवात जिल्हा परिषदेतून झाली. ती शाळा कुणी बांधली हे मात्र कुणी सांगत नाही.

---

राज्यसेवा_पुन्हा | 1 जुलै, रात्री 11:26

चार वर्षं पाठ करतोय. कलेक्टरचं आज कळलं. _/\_

---

गिरणगाव_ते_कल्याण | 2 जुलै, सकाळी 8:05

सकाळी सकाळी गोड गोड वाचून तोंड वाकडं झालं. थोडं तिखट घ्या.

आमचे वडील परळला गिरणीत होते, लाल बावट्याचे. आमच्या घरात वसंतरावांचं नाव निघालं की त्यामागे 'वसंतसेना' हा शब्द यायचाच. नव्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, तेव्हाचे विरोधक शिवसेनेला हेच म्हणायचे. 1966 ला सेना निघाली, कम्युनिस्टांचं बळ मोडायला सरकारला ती सोयीची वाटली आणि नाईकांनी काणाडोळा केला, असा सरळ आरोप होता. जून 1970 मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार. त्या रात्री आमच्या चाळीत कुणी जेवलं नव्हतं असं आई सांगायची.

तुमच्या भाषेत सांगायचं तर वकीलसाहेबांनी इथेही तारीखच दिली. पण एका पक्षकाराच्या हातात काठी होती आणि दुसऱ्याचं डोकं फुटत होतं. अशा वेळी तारीख देणारा तटस्थ राहत नाही.

---

तालुका_वकील | 2 जुलै, सकाळी 9:30

@गिरणगाव_ते_कल्याण, शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. कोर्टात निघालोय, संध्याकाळी लिहितो.

---

कडबाकुट्टी | 2 जुलै, दुपारी 1:15

राजकारण चालू द्या, मी ज्वारीवर येतो. कृषी खात्यातून निवृत्त झालोय.

1965 साली पुण्यात शनिवारवाड्यासमोर नाईक म्हणाले की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. वाक्य जो तो आपल्या पद्धतीनं सांगतो, पण फाशी सगळ्यांच्या वाक्यात आहे. हे धाडस ज्याच्या जिवावर केलं ते वाण म्हणजे सीएसएच-1, संकरित ज्वारी, 1964 साली आलेली. ठेंगणी, साधारण शंभर दिवसांत तयार, आणि उत्पन्न गावरानपेक्षा कितीतरी जास्त.

पण खोड इथेच होती. गावरान खरीप ज्वारी दिवाळीच्या पुढे पिकते, तोवर पाऊस संपलेला असतो. ही बाई सप्टेंबरातच तयार. कणसात दाणा भरला आणि वरून पावसाची झड लागली की बुरशी. दाणा काळा. भाकरी थापायला घेतली की पिठाला चिकी नाही, काठ फाटणार, चव मातकट. कडबा तोकडा, तोही जनावरं नाक मुरडून खायची. म्हणून तर खेड्यात 'हायब्रीड' ही शिवी झाली. पोरगं किडकिडीत निघालं की म्हातारे म्हणायचे, हायब्रीडची पैदास.

एवढं असूनही लोकांनी ती पेरली. का? पोट भरत होतं. आमच्याकडे वर्षातले चार महिने धान्य उसनं आणायला लागायचं ते थांबलं. काळी का होईना, कणगी भरलेली असायची. चवीची तक्रार ही पोट भरल्यानंतरची तक्रार आहे.

आणि चार कृषी विद्यापीठं विसरू नका. राहुरी 1968, अकोला 1969, परभणी आणि दापोली 1972. पुढे वाण सुधारले ते तिथे बसलेल्या लोकांनी. परभणीच्या विद्यापीठाला 2013 पासून नाईकांचंच नाव आहे.

---

माहेर_पुसद | 2 जुलै, दुपारी 2:40

काळ्या ज्वारीवरून आठवलं. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी सहा महिने खडी फोडायला जात होती. हातोड्याचा दांडा धरून धरून तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी झाली ती मरेपर्यंत सरळ झाली नाही. आठवड्याला हजेरी, मुकादम नाव पुकारणार, अंगठा उठवायचा. सुकडी मिळायची, ती आजी स्वतः न खाता पदरात बांधून आणायची, आमच्या वडलांना. आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. ती दळली की पीठ विटकरी दिसायचं म्हणे.

आजी काँग्रेसची नव्हती, कुणाचीच नव्हती. पण 'त्या साली माणूस मेलं नाही' एवढं एक वाक्य ती नेहमी बोलायची.

---

कडबाकुट्टी | 2 जुलै, दुपारी 3:10

@माहेर_पुसद, आजींना नमस्कार. 1973 च्या मे महिन्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती. मागेल त्याला काम ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. त्यांनी सांगली जिल्ह्यात विसापूरला आधी लहानसा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळात तिला राज्यभर पसरायला रान मोकळं मिळालं. कायदा 1977 चा, म्हणजे नाईक मुख्यमंत्रिपदावरून उतरल्यानंतरचा, पण हजेरीपत्रकं त्यांच्या काळातच भरायला लागली होती. पुढे सगळ्या देशात रोजगार हमी आली तिचं मूळ हेच.

दुष्काळ चालू असताना सरकार पाडायचे डावपेच कमी झाले नव्हते, तरी प्रशासन हललं नाही. याचं श्रेय त्यांना द्यावंच लागेल.

---

पनवेलकर | 2 जुलै, संध्याकाळी 6:20

तालुक्याच्या वकिलांचा विषय आणि आमच्या दि. बां.चं नाव नाही? असं कसं चालेल.

दि. बा. पाटील, जन्म 13 जानेवारी 1926, जासई, तालुका उरण. पनवेलचे वकील. शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. 1972 नंतर विधानसभेत विरोधी पक्षनेते, म्हणजे समोर कोण? मुख्यमंत्री वसंतराव नाईक. दोघे वकील, दोघे शेतकऱ्यांच्या घरातले, दोघे आडगावचे.

मार्च 1970 ला नाईक सरकारनं सिडको ही नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी काढली आणि 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबईचा नकाशा टाकला. मुंबई वाढत होती, शहर कुठेतरी करावं लागणारच होतं, हे मलाही कळतं. पण आमच्या भातखाचरांचा आणि मिठागरांचा भाव सरकारनं ठरवला, तोही असा की घेणाऱ्याला स्वस्त. हरितक्रांतीवाले मुख्यमंत्री आणि आगरी-कोळ्यांची खाचरं मात्र नकाशावर कोरी जागा! दि. बा. शेवटपर्यंत ही केस लढले. कोर्टात नाही, रस्त्यावर. जानेवारी 1984 मध्ये जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. तेव्हा नाईक हयात नव्हते, त्यामुळे तो दोष त्यांच्या माथी मारत नाही. पण खटला त्यांच्या काळातला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायची योजना त्यानंतर आली.

तुमच्या सिद्धांताला माझा एवढाच पुरवणी प्रश्न: तालुक्याचा वकील मुंबईला गेला की तो कुणाचा वकील राहतो?

---

वऱ्हाडी_ठेचा | 2 जुलै, रात्री 8:02

राजेहो, सारे बोलून रायले तं आपुनबी बोलतो. पुसद सोडून आम्ही बाकीचे वऱ्हाडी काय भाऊ सावत्र होतो का? पूस नदीवर धरण झालं, पुसद हिरवं झालं, चांगलं झालं. पन विदर्भाचा अनुशेष म्हंतेत तो अकरा वर्षं आपलाच मानूस खुर्चीवर असतानीबी वाढतच गेला. दांडेकर समितीनं 84 साली मोजला तवा आकडे पाहून लोकायले घाम फुटला. उसाले पानी, कापसाले आभाळ.

कापूस एकाधिकार योजना, म्हंजे कापूस फक्त सरकारच घेनार, आनली बहात्तरले, ते खरं. व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवाले आनली. पन सुरू सुरूचे दिवस गेले अन् मंग ग्रेडर, चुकारे, बैलगाड्यायच्या रांगा. माह्या बापानं तीन-तीन रात्री गाडीखाली झोपून काढल्या, थंडीत.

अन् अजून एक. पुसदच्या बाजूलेच महागाव तालुका. तिथल्या चिलगव्हानच्या एका शेतकरी कुटुंबानं 19 मार्च 1986 ले पवनारजवळ जीव देल्ला, लेकराबाळासहित. दरसाली त्या दिवशी लोकं अन्नत्याग करतेत. एक जुलैले पेढे वाटनाऱ्यायनं एकोनीस मार्चबी कॅलेंडरात पाहावा.

---

तालुका_वकील | 2 जुलै, रात्री 10:05

संध्याकाळी लिहीन म्हणालो होतो, पण आता लिहायला बसलो तर माझाच खटला कमकुवत झालाय. तरी बाजू मांडतो.

@वऱ्हाडी_ठेचा, पुसदबद्दल कबूल. पण एक बघा. नाईक ज्या खुर्चीवर होते ती यशवंतरावांच्या शब्दावर मिळालेली आणि आजूबाजूला साखरपट्ट्याचे गडी. विदर्भ वेगळा व्हावा म्हणणारे घरचे लोक एका बाजूला आणि 'हा आमचा नाही' म्हणणारे दुसऱ्या. त्यांनी वेगळ्या विदर्भाऐवजी महाराष्ट्र धरला आणि त्याची किंमत म्हणून विदर्भासाठी कधी टेबलावर मूठ आपटली नाही. 1967 ला 270 पैकी 203 आणि 1972 ला 222 आमदार निवडून आणणारा मुख्यमंत्री मूठ आपटू शकला असता का? आपटायला हवी होती, असं आता मला वाटतं.

@पनवेलकर, तुमचा प्रश्न मी वहीत लिहून घेतलाय. दि. बां.वर वेगळा धागा काढा, मी येतो.

@गिरणगाव_ते_कल्याण, दिवसभर तुमचं वाक्य डोक्यात होतं. आज कोर्टात एका बांधाच्या दाव्यात समोरच्यानं तारीख मागितली आणि मी नेहमीसारखी 'हरकत नाही' म्हणणार होतो. माझा अशील म्हणाला, साहेब, तो रोज एक वीत नांगरतो. मी हरकत घेतली.

---

गिरणगाव_ते_कल्याण | 2 जुलै, रात्री 10:20

:) तारीख मिळाली की नाही?

---

तालुका_वकील | 2 जुलै, रात्री 10:23

मिळाली. 16 ऑगस्ट.

---

माहेर_पुसद | 2 जुलै, रात्री 10:50

शेवटी त्यांचं काय झालं हे कुणीच लिहिलं नाही. 1975 ला इंदिरा गांधींनी शंकरराव चव्हाणांना आणलं. 1977 मध्ये जनता लाटेतही नाईक वाशिममधून लोकसभेवर गेले. 18 ऑगस्ट 1979 ला सिंगापूरला वारले. पुतणे सुधाकरराव 1991 ला मुख्यमंत्री झाले, म्हणजे एकाच घरातून दोन. आमच्या पुसदला अजूनही निवडणूक म्हणजे नाईकांच्या वाड्याकडे बघूनच बोलतात, कुणी बाजूनं, कुणी विरोधात.

---

गोरमाटी | 2 जुलै, रात्री 11:12

वाड्याचं खरं आहे. पण ताई, तांड्याचंही सांगा. आमच्या तांड्यावर अजूनही ऊसतोडीला जाणारी जोडपी आहेत, ऑक्टोबरात कुलूप लावून जातात, पोरं आश्रमशाळेत किंवा आजीकडे. भिंतीवर सेवालाल महाराजांच्या शेजारी नाईकसाहेबांचा फोटो असतो, पाइपवाला. माझा बाप त्याला हात जोडून कोयता उचलायचा. मी शिकलो, आता पुण्यात आहे. फोटो माझ्याही घरात आहे. रागही आहे, तो फोटोवर नाही, पण आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा | 2 जुलै, रात्री 11:30

गोरमाटी भाऊ, तुह्यासंग बसून एकडाव बोलाचं हाय.

बरं, थांबतो. इकडं वारं सुटलं, टिनावर थेंब वाजून रायले. आठ दिवसापासून वाट पाहून रायलो होतो, अन् सोयाबीनचं बियानं ओट्यावर उघडं पडलं हाय.